गाडी आली त्या दिवशी

गाडी आली त्या दिवशी मी पोराला घेऊन वावरात गेले. कापूस वेचायचा होता, हे खरं; पण तेवढंच कारण नव्हतं. अंगणवाडीत डॉक्टर येणार, पोराला आणा, असं बाई आदल्या दिवशी घरी येऊन सांगून गेल्या होत्या. पोरगा अडीच वर्षांचा. 'माय' सोडून शब्द नाही, हाक मारली तर मान वळवत नव्हता. गावादेखत कोणी त्याला वेडा ठरवलं तर? सासूबाई म्हणाल्या, "याचा बाप चौथ्या वर्षी बोलला. पोट्टे उशिराच बोलतात." मला तेच ऐकायचं होतं.

ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. 2013 पासून सुरू आहे, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. जन्मजात व्यंग, आजार, पोषणाची कमतरता यांच्याबरोबर वाढीतला उशीरही तपासतात, पैसे घेत नाहीत. म्हणजे एक फेरी चुकली की सहा महिने गेले. पुढच्या फेरीला मी माहेरी होते. मुद्दामच.

चौथ्या वर्षी शेवटी चिठ्ठी घेऊन घाटंजीहून एसटीनं यवतमाळला गेलो. आधी कान तपासले. कान ठीक निघाले. स्वमग्नता आहे, म्हणाले. मी विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर रागावले नाहीत, त्यानं जास्तच लागलं.

तुम्ही असं करू नका. तपासणीची तारीख बाईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशीची मजुरी बुडू द्या. घरातलं माता-बाल संरक्षण कार्ड फक्त लसीसाठी नसतं. कोणत्या महिन्यात मूल काय करतं ते त्यात चित्रांसकट आहे. डॉक्टरांपुढे मूल गप्प बसतं किंवा रडतं, म्हणून घरचं वागणं आधीच मोबाइलवर काढून न्या. "होईल हळूहळू" म्हणून परत पाठवलं, तर पुढे कुठे दाखवायचं याची चिठ्ठी मागितल्याशिवाय उठू नका. अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय या कार्यक्रमातच आहे.

आणि अंगणवाडी सोडवू नका. आमच्याकडे लोक म्हणत, तो बसत नाही, तर कशाला नेता? पण दिव्यांग मुलांना अंगणवाडीत कसं सामावून घ्यायचं, याचे नियम केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये काढले आहेत. बाईंशी बोलून पाहा, भांडून नव्हे. त्यांच्याही डोक्यावर रजिस्टरांचा ढीग असतो.

शीघ्र हस्तक्षेप केंद्रात शिकवलेलं घरी रोज करावं लागतं. पाण्याचा गिलास पोराच्या हाती लगेच द्यायचा नाही; डोळ्यांसमोर धरायचा, "पाणी" म्हणायचं आणि थांबायचं. थांबणं फार कठीण जातं. मी कितीदा तरी घाईनं देऊन टाकला.

दिव्यांग प्रमाणपत्राला मी वर्षभर नाही म्हटलं. शिक्का बसेल वाटलं. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तो मागायला तोच कागद लागतो.

आता गाडी येण्याच्या दिवशी मी वावरात जात नाही. गेल्या खेपेला शेवटच्या गल्लीतल्या घरी गेले. तीन वर्षांची पोरगी, हाकेला पाहत नाही. तिची आजी म्हणाली, तिचा बापही उशिरा बोलला. मी चहा घेतला आणि बसून राहिले.