होडीच्या इंजिनातील तेलाचा दाब : निदानाचा क्रम

सीवूड्सलगतच्या करावे गावाचे खाडीतील मासेमारीशी जुने नाते आहे. होडीला इंजिन लाभल्याने श्रम हलके झाले. मात्र ओहोटीच्या वेळी ते बंद पडल्यास होडी गाळात रुतते व माणसांचा जीव धोक्यात येतो. म्हणून वंगणतेलाच्या दाबाकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

दाब एकाएकी उतरल्यास नांगर टाकून इंजिन तत्काळ बंद करावे. ते निवाल्यावर तेलाची पातळी पाहावी. ती कमी असल्यास गळती शोधावी. तेलास डिझेलचा वास येणे किंवा ते दुधाळ दिसणे, ही अनुक्रमे डिझेल व पाणी मिसळल्याची लक्षणे होत.

पातळी योग्य असल्यास लगेच इंजिन खोलू नये. खाऱ्या हवेने तारांचे जोड गंजले, तर मापक चुकीचा दाब दाखवितो. खात्रीचा दुसरा मापक जोडून, इंजिन अल्पकाळ चालवून पडताळा घ्यावा. दाब खरोखरच कमी भरल्यास प्रथम तेलाची गाळणी, नंतर दाबनियंत्रक झडप व शेवटी तेलपंप आणि बेअरिंग तपासावे. थंड इंजिनात पुरेसा असलेला दाब तापल्यावर फार उतरल्यास तेल पातळ झाले असावे अथवा बेअरिंग झिजले असावे. थंडाव्याच्या पाण्याची वाट गाळाने तुंबल्यासही इंजिन तापून तेल पातळ होते.

किनाऱ्यावरील ग्रामपंचायती, शाळा व मच्छीमार सहकारी संस्थांनी हा क्रम जेटीवर फलकरूपाने लावल्यास वृथा खर्च टळेल आणि खाडीतील प्रवास अधिक सुरक्षित होईल.