नैराश्य : मनाचे दुखणे, अंगावर निघणारे

'डिप्रेशन' हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. गुण कमी पडले, बढती हुकली, की आपण तो वापरतो. ते दुःख असते, आणि बहुधा चार दिवसांत ओसरते. आजार वेगळा. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, मन खिन्न राहते अथवा कशातच रस वाटत नाही. जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडते आणि आपण कुचकामी आहोत असे वाटू लागते, तेव्हा डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात.

काळाचौकीत याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. हजारोंना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. त्या काळचे आर्थिक हिशेब पुष्कळ मांडले गेले, मनाचे फारसे नाहीत.

आमचे वडील त्या हजारोंपैकी एक. आम्हाला समज आली तेव्हा ते पहाटे तीनला उठून गॅलरीत बसलेले असत. 'पहिल्या पाळीची सवय,' असे आई म्हणे. पोटात जळजळ, पाठदुखी, जेवणावर वासना नाही. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला, काही निघाले नाही. काही निघाले नाही म्हणून घरात 'सोंग' हा शब्द आला. नववीत असताना आम्हीही तो त्यांच्या तोंडावर वापरला. अवेळी पहाटे जाग येणे हे या आजाराचे ठळक लक्षण आहे, हे आम्ही फार उशिरा वाचले.

शरीर का दुखते? दीर्घ ताणात कॉर्टिसोलसारख्या संप्रेरकांचे चक्र बिघडते, झोप तुटते, आणि वेदना अधिक तीव्र जाणवू लागते. हृदयविकार व मधुमेह यांच्याशी नैराश्याचे नाते दुहेरी आहे : एकामुळे दुसऱ्याचा धोका वाढतो. मेंदूत एकच रसायन कमी पडते, हे जुने सोपे उत्तर आता पुरेसे मानत नाहीत. आनुवंशिकता, वियोग, बेकारी, दारू, सगळे त्यात मिसळते. पुरुषांत तर पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिड दिसते. आपण तिला स्वभाव म्हणतो. थायरॉइडच्या दोषानेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून आधी तपासणी हवी.

उपचार आहेत : समुपदेशन, औषधे, किंवा दोन्ही. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी अधिकही लागतात. आठव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून गोळी सोडणारे आम्ही पाहिले आहेत. बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तितके महिने ती चालू ठेवावी लागते, एकदम बंद करायची नसते.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. मित्र 'जगून काय करायचे' असे बोलला, तर जीव देण्याचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटे सोडू नये, मोठ्या माणसाला सांगावे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येते. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६. फोन मोफत आहे, आणि मराठीत बोलता येते.