घर बदलू नका : खेड्यातील युवासेवेविषयी एक धडा

वाचन : मार्ककृत शुभवर्तमान ६:७-१३



प्रभू येशूने बारा प्रेषितांना दोघे-दोघे करून पाठवले, तेव्हा काय न्यावे यापेक्षा काय नेऊ नये याचीच यादी मोठी होती. भाकर नको, झोळी नको, पैसे नकोत. हातात काठी आणि पायात वहाणा, एवढेच. त्याच उताऱ्यात एक लहानशी सूचना आहे. ज्या घरी उतराल तिथेच गाव सोडेपर्यंत राहा, असे प्रभू सांगतो. म्हणजे शेजारी बरे जेवण मिळते म्हणून बिऱ्हाड हलवायचे नाही. खेड्यातील युवकांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती कार्यकर्त्याला मला वाटते हीच सूचना सर्वांत जड जाते.

पुण्यातील अनेक मराठी कॅथोलिक कुटुंबांचे मूळ गाव नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, तोवर ती गावे आपल्या पुणे धर्मप्रांतातच होती. त्याच जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे राहायला गेले. ते कॅथोलिक नव्हते, प्रोटेस्टंट होते. पण चांगला धडा शेजारच्या घरातूनही घ्यावा. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आधी नेवासे तालुक्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आले होते की, रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि काही दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो. दोष औषधात नव्हता. पाणी, अन्न आणि गावची रीत यांत होता.

मग गावात शिरायचे कसे? जातीजातींच्या वस्त्या वेगळ्या, एकत्र बसायची सवय नाही. आरोळ्यांनी सभा बोलावली नाही. त्यांनी तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात केली. एका संघात खेळताना चेंडू आधी कोणी शिवला, हे पाहायला सवड कोणाला! खेळ संपला की पोरे तिथेच बसत आणि पिकाच्या, पाण्याच्या, मुलांच्या आजारपणाच्या गोष्टी निघत. त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. पुढे पाण्यासाठी विंधनविहिरी घ्यायची वेळ आली, तेव्हा त्या दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यायचे. १९७९ साली या जोडप्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्यांनी घर बदलले नाही. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली वारले. दोघेही अखेरपर्यंत जामखेडचेच राहिले.

आपल्या संत फ्रान्सिस झेवियरचीही रीत फारशी निराळी नव्हती. १५४२ साली गोव्यात आल्यावर तो रस्त्यात घंटा वाजवून मुले गोळा करी. पुढे दक्षिणेत कोळ्यांच्या गावांत आजाऱ्यांकडून इतकी बोलावणी येऊ लागली की, तो प्रार्थना शिकलेल्या मुलांनाच आपल्या जागी पाठवू लागला. युवकांची सेवा युवकांनीच करायची असते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या ‘ख्रिस्तुस विवित’ या पत्रात लिहिले, ते झेवियरने कोळीवाड्यात करून दाखवले होते.

आज अशा गावात राहणाऱ्या तरुण कार्यकर्त्याचे दिवस कसे जातात? रात्री आठची बैठक ठरवावी, तर तेवढ्यात मोटारीची लाईट येते आणि पोरे पाणी भरायला शेतावर पळतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. नाताळाच्या कॅरलला सूर धरणारा पोरगाच नेमका कोयत्यावर गेलेला असतो. वसंतात तो परत येतो तेव्हा शाळा सुटलेली असते, कधी कायमचीच. कार्यकर्ती ताई असेल तर मुलींच्या आया विचारतात, “ताई, पोरींना किती वाजता सोडणार?” आणि ते विचारणे बरोबरच आहे. काही जण स्पष्टच विचारतात, “तुम्ही धर्म बदलायला आलात का?” ही शंका भाषणाने फिटत नाही. वर्षभर पोरांबरोबर शाळेचे मैदान झाडले, कोणाच्या मयतीला आणि कोणाच्या लग्नाला गेले, म्हणजे हळूहळू फिटते. मिस्सा मात्र फादर त्या गावी येतील तेव्हाच. एकटेपणाविषयी अशी माणसे फारशी बोलत नाहीत. आपणही विचारत नाही.

आणि गट उभा राहिला की त्यातला हुशार पोरगा गाव सोडतो. कुठे जातो? पुण्याला. चाकणला, रांजणगावला कंपनीत लागतो, चार जणांत एक खोली घेतो आणि रविवारी सुट्टी मिळाली तर आपल्या मंदिरात शेवटच्या बाकावर येऊन बसतो. कोणाच्या तरी तीन वर्षांच्या कष्टांचे फळ तिथे बसलेले असते.

हे लिहिताना मला लाज वाटते. मागे एकदा मिस्सानंतर दाराशी एका तरुणाने मला मराठी मिस्साची वेळ विचारली. मी फलकाकडे बोट दाखवले आणि स्कूटर काढली. त्याचे नाव विचारले नाही, गावही नाही. तो पुन्हा दिसला नाही.

या आठवड्यात लघु ख्रिस्ती समूहात हा उतारा वाचून पुढील गोष्टींवर बोलावे : आपल्या मूळ गावी आज युवकांमध्ये कोण काम करते, आणि त्यांना आपल्यापैकी कोणी शेवटचा फोन केव्हा केला? आपल्या गल्लीत गावाकडून आलेली ख्रिस्ती मुले कोणत्या खोलीत राहतात? रविवारी ज्यांची पाळी असते, त्यांच्यासाठी आपल्या युवा गटाची बैठक दुसऱ्या कोणत्या दिवशी घेता येईल, आणि ती मराठीत घेता येईल का?