संपाची झळ कोणास किती?

'संप' हा शब्द कानी पडताच आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. गिरणीचे दार बंद, भोंगा मुका, आणि दाराबाहेर हजारो कामगार एका आवाजात घोषणा देत उभे! हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. दारापाशी एकजीव दिसणारा हा समुदाय सायंकाळी घरोघर पांगला म्हणजे संपाचा भार सर्वांच्या खांद्यांवर सारखा पडत नाही, असे आढळून येते. तीस वर्षे नोकरी केलेल्या कामगारास तो एका प्रकारे जाचतो, व नुकत्याच लागलेल्या तरुणास निराळ्या प्रकारे. हा भेद कसा उत्पन्न होतो, याचा थोडा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. कोलाड व रोहे भागातील विद्यार्थ्यांस हा विषय परका वाटू नये; कारण मुंबईच्या गिरणीतून दरमहा येणाऱ्या मनिऑर्डरीची वाट पाहणारी घरे कोकणात गावोगाव होती.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की गिरणीत कामगारांचे ठळक असे दोन वर्ग असत. एक कायम कामगार व दुसरा बदली कामगार. कायम कामगाराचे नाव मस्टरावर पक्के असे. बदली कामगाराने रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात हजर व्हावे, कोणा कायम कामगाराचा खाडा असेल तर त्याच्या साच्यावर उभे राहावे, आणि खाडा नसेल तर आल्या पावली परत जावे, असा क्रम होता. पूर्वी कोणास काम द्यावे हे जॉबरच्या मर्जीवर असे. १९३५ साली बदली कामगारांस कार्डे देण्याची पद्धत सुरू झाल्यावर तिला काही शिस्त आली. तथापि रोजची अनिश्चितता संपली नाही. कित्येकांची वर्षानुवर्षे बदलीतच गेली. म्हणून 'कनिष्ठ' कामगार म्हणजे केवळ वयाने लहान असे समजू नये; ज्याची नोकरी पक्की नाही तो कनिष्ठ.

मुंबईच्या गिरण्यांनी मोठे संप पुष्कळ पाहिले. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्या संपाच्या संयुक्त समितीत श्रीपाद अमृत डांगे यांच्या बरोबरीने नारायण मल्हार जोशी यांनी काम केले. हे जोशी आपल्याच जिल्ह्यातील गोरेगावी १८७९ साली जन्मले, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी अभिमानाने स्मरणात ठेवावी. परंतु आमच्या विषयावर सर्वांत अधिक प्रकाश पाडणारा संप म्हणजे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला संप होय. सुमारे साठ गिरण्या आणि अडीच लाख कामगार त्यात होते. पगारवाढीबरोबरच बदली कामगारांस कायम करावे, अशीही मागणी होती. १९४६ च्या कायद्यान्वये बोलणी करण्याचा अधिकार मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता; सामंतांच्या युनियनशी बोलण्यास मालक व सरकार तयार झाले नाहीत. संप वर्ष उलटून गेले तरी मिटला नाही. तो मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही.

आता अशा संपात एका घरी काय घडते ते पाहू. समजा, कुंडलिकेच्या काठच्या एका कुटुंबातील वडील भाऊ गिरणीत कायम आहे व धाकटा बदलीत आहे. पहिल्याच महिन्यात धाकट्याची कोंडी होते. त्याच्यापाशी शिल्लक नाही, फंडात रक्कम अत्यल्प आहे, खाणावळीची उधारी मात्र आहे. आणि बदलीवाल्यास उधार देताना दुकानदारही हात आखडतो. वडील भावाची पत असते, थोडा साठा असतो, गावी भाताचा वाटा असतो. जानेवारीत भात नुकतेच घरात आलेले असते; त्यामुळे पावसाळ्यापर्यंत तो कसाबसा तग धरतो. त्या काळी कोलाडास रेल्वे नव्हती. गावी परतणारा कामगार एस्टीने येई व घरच्या कणगीवर दिवस काढी. ज्याची गावी जमीन नाही, त्यास तोही आधार नव्हता. यावरून, संपाची पहिली झळ कनिष्ठास लागते, हे उघड होईल.

परंतु एवढ्यावर हिशेब मिटत नाही. विद्यार्थिमित्रहो, पाटी घ्या व पुढील गणित स्वतः करून पाहा. दोघांचाही महिन्याचा पगार सोयीसाठी १०० रुपये धरा. संप सहा महिने चालला, तर प्रत्येकाचे ६०० रुपये बुडाले. संप जिंकून महिना १० रुपये वाढ मिळाली, तर बुडालेले पैसे भरून येण्यास ६० महिने, म्हणजे ५ वर्षे लागतील. वडील भावास निवृत्तीपूर्वी तीनच वर्षे उरली असतील, तर त्याच्या हाती वाढीचे ३६० रुपयेच पडतील. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात. १९७२ च्या कायद्याप्रमाणे, महिना २६ दिवसांचा धरून, नोकरीच्या दर वर्षास १५ दिवसांचा पगार मिळे. ३० वर्षांच्या नोकरीवर वाढीमुळे आणखी सुमारे १७३ रुपये मिळतील. बेरीज ५३३. म्हणजे संप जिंकूनही तो ६७ रुपयांनी तोट्यातच राहिला! धाकट्याची नोकरी मात्र अजून तीस वर्षे आहे. त्याला ३६०० रुपये मिळून ३००० रुपयांचा नफा होईल. संप अठरा महिने चालला, तर बुडीत भरून येण्यास पंधरा वर्षे लागतील. सारांश, जो आज अधिक सोसतो त्यालाच उद्या अधिक लाभ होण्याचा संभव असतो. आणि ज्येष्ठ कामगार पुष्कळदा आपल्या लाभासाठी लढत नसून मागून येणाऱ्यांसाठी लढत असतो.

या हिशेबात एक 'जर' दडलेला आहे. धाकट्याची नोकरी संपानंतर टिकली तरच त्याचा नफा खरा. कारखान्यात माणसे कमी करावयाची झाल्यास शेवटी आलेल्याने प्रथम जावे, हे तत्त्व १९५३ साली कायद्यात आले. ज्येष्ठाच्या सेवेचा तो मान आहे. पण त्याचा काच कनिष्ठासच बसतो. १९८२ नंतर गिरण्या उघडल्या त्या कमी माणसांवर, आणि मस्टरावर ज्यांचे नाव पक्के नव्हते त्यांचा हक्क दुबळा ठरला. तरुणांतील काही भिवंडीच्या यंत्रमागांवर गेले, काहींनी दुसरा धंदा धरला. पन्नाशीच्या विणकरास ती वाट नव्हती. साच्यावर झिजलेल्या हातांना नवा मालक मिळेना, व आयुष्यभराचे कसब एका दिवसात निरुपयोगी झाले.

आमच्या शेतकरी पालकांस हे एका उदाहरणाने लगेच पटेल. पाऊस ओढ देतो तेव्हा नुकतीच लावणी केलेली रोपे प्रथम माना टाकतात. बांधावरचा जुना आंबा हिरवाच दिसतो. पण रोपे गेली तरी पुढच्या वर्षी आवण पुन्हा टाकता येते; आंबा वाळला तर तो त्या पिढीस पुन्हा मिळत नाही. कनिष्ठाची हानी लवकर होते, ज्येष्ठाची उशिरा. परंतु ज्येष्ठाची हानी बहुधा भरून येत नाही.

मग युनियनने काय करावे? शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. दिवसभर बाजारात कामाची वाट पाहत उभ्या राहिलेल्या मजुरांस धन्याने दिवस मावळता मावळता कामावर घेतले व पहाटेपासून राबणाऱ्यांइतकीच मजुरी दिली. तेव्हा आधी आलेले कुरकुरले. बाजारात उभे असलेले ते मजूर म्हणजे गिरणीच्या दारातील बदलीवालेच नव्हेत काय? भूक तर दोघांसही सारखीच लागते. म्हणून संपाचा निर्णय घेताना, ज्याच्या घरी एका आठवड्याचेच धान्य आहे त्याला प्रथम विचारावे. संपनिधीतून त्याला प्रथम द्यावे. आणि तडजोड करताना ज्याच्या निवृत्तीस थोडी वर्षे उरली आहेत त्याची सेवा व ग्रॅच्युइटी अबाधित राखावी.

आज मुंबईतील बहुतेक गिरण्या नाहीशा झाल्या आहेत. परंतु रोह्याजवळ धाटावला कारखाने उभे आहेत, आणि गिरणीतील बदलीवाल्याची जागा आता ठिकठिकाणी कंत्राटी कामगाराने घेतली आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी काही उद्या अशाच एखाद्या दारातून आत जातील. त्या दिवशी आपल्यामागे दाराबाहेर कोण उभा आहे, व आपल्यापुढे कोण तीस वर्षे राबला आहे, या दोघांचीही आठवण त्यांनी ठेवावी, एवढीच आमची इच्छा आहे.