पोरक्या पोराची पाटी

गावात एखादे पोर पोरके झाले की आपण हळहळतो. "बिचाऱ्याचे कसे व्हायचे?" असे म्हणतो. चार दिवस कुणी भाकरी देतो, कुणी जुना सदरा देतो. पुढे ज्याचा तो आपल्या कामाला लागतो. पोर कुणाची तरी गुरे वळू लागते. पाटी कोनाड्यात पडून राहते.

आम्ही पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. एक चूक आमच्याही हातून झाली, ती सांगतो. १९९४ सालची गोष्ट. चौथीत एक पोर होते. आईबाप वारलेले, म्हातारी आजी सांभाळी. जूनमध्ये आम्ही वर्गणी काढली. दप्तर घेतले, कपडे शिवले. सभा भरवून पोराला पुढे उभे केले. टाळ्या झाल्या. दिवाळीनंतर पोर शाळेत येईना. आम्ही घरी गेलो. आजी म्हणाली, "गुरुजी, दप्तर हाय, पर त्यानं पोट भरतं का? अन् पोरं त्याला वर्गणीवाला म्हणून चिडिवत्यात."

आम्ही मान खाली घातली. ते पोर पुन्हा शाळेत आले नाही.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी शिकलो. मदत एकदाची नको, दरमहाची हवी. आणि मदतीचा गाजावाजा नको.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातींची गरीब मुले एकत्र राहत. पैसा पुरेना, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गावोगावी मूठमूठ धान्य जमवले. मुलेही काम करीत व शिकत. फुकटाचे खातो, असे कुणाला वाटले नाही.

तुम्ही म्हणाल, आता शाळा मोफत आहे, मग खर्च कसला? खरे आहे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवणही मिळते. पण चपला, औषधपाणी, नववीनंतरच्या वह्या-पुस्तके, परीक्षेची फी कोण देणार? पोरे गळतात ती तिथेच.

म्हणून हिशेब करा. दहा घरांनी दरमहा शंभर रुपये काढले, तर महिन्याला १,००० होतात, वर्षाला १२,०००. पुढच्या एका मुलीसाठी आम्ही असाच मेळ घातला. जमाखर्चाची वही ठेवली. सभा घेतली नाही. मुलगी दहावी पास झाली.

सरकारचीही मदत आहे. नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलासाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तीत दरमहा २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात करावा. आईबापांच्या मृत्यूचे दाखले, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड व बँकेचे पासबुक जवळ असू द्यावे.

पण त्या आजीला अर्ज कुठे वाचता येतो? तुम्हाला आता येतो. शेजारच्या पोरक्या पोराचा अर्ज तुम्ही भरून द्या. शिकल्याचे चीज होईल.

प्रश्न
१. ते पोर शाळेत का येईना?
२. पंधरा घरांनी दरमहा ५० रुपये दिले, तर वर्षाला किती होतील?
३. तुमच्या वस्तीत असे मूल आहे काय? त्याच्यासाठी कोणते कागद लागतील, ते लिहा.