भंगार-रद्दीच्या धंद्यात गठ्ठा मशीन : घेण्यापूर्वी करावयाचा हिशेब

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या गावांत आपल्या समाजातील अनेक बंधू भंगार, रद्दी, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकचा व्यापार करतात. चार-पाच जणांनी मिळून एक सामूहिक केंद्र काढावे व त्यात दाब देणारे यंत्र बसवावे, असा विचार अलीकडे बोलला जातो. विचार चांगला आहे. परंतु यंत्र आधी आणि हिशेब नंतर, असे झाले तर भांडवल अडकून पडते. म्हणून या लेखात आम्ही हा विषय क्रमाने मांडीत आहोत.

दाबण्याचा फायदा आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. खानदेशात जिनिंग-प्रेसिंगचा धंदा जुना आहे. रुई सैल कधी पाठवीत नाहीत. 170 किलोची गाठ बांधूनच पाठवितात. कारण ट्रक वजनाने नव्हे, जागेने भरतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांचेही तेच. एक घनमीटर जागेत न दाबलेल्या बाटल्या जेमतेम वीस-पंचवीस किलो मावतात. त्याच दाबून बांधल्या तर वजन कितीतरी पटींनी वाढते. आपला माल पुढे सुरतेकडे किंवा वापीच्या कागद गिरण्यांकडे जावयाचा, म्हणजे भाडे हाच मोठा खर्च.

आता हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत. समजा, एका फेरीचे भाडे 12,000 रुपये. सैल माल 2 टन मावला तर किलोमागे 6 रुपये भाडे पडले. गठ्ठे बांधून 8 टन गेला तर दीड रुपया. म्हणजे किलोमागे साडेचार रुपये वाचले.

एका व्यापाऱ्याकडे महिन्याला दीड टन माल येत असेल तर त्याची बचत 6,750 रुपये. मशीनवरील माणसाची मजुरी, वीज, तार व तेल मिळून महिन्याला 16,000 रुपये खर्च धरला, तर तो तोट्यात गेला. शिवाय 8 टनांचा ट्रक भरायला त्याला पाच महिन्यांहून अधिक लागतील, तोवर पैसा गठ्ठ्यांत अडकलेला. असेच चार व्यापारी एकत्र आले तर माल 6 टन, बचत 27,000 रुपये, खर्च जाता 11,000 शिल्लक आणि दर चाळीस दिवसांनी ट्रक रवाना. चार लाखांचे मशीन सुमारे तीन वर्षांत फिटते. तेच मशीन, तोच भाव. फरक फक्त एकीचा आहे.

दुसरी गोष्ट मशीनच्या जातीची. कॉम्पॅक्टर आणि बेलिंग प्रेस यांत गल्लत होते. कॉम्पॅक्टर मिश्र कचरा दाबून फक्त जागा वाचवितो. त्यात काच फुटून पुठ्ठ्यात घुसते, ओला कचरा कागद नासवितो. कचरा वाहून टाकणाऱ्याला तो उपयोगी. ज्याला माल विकावयाचा आहे त्याला एकाच जातीच्या मालाचा तारेने बांधलेला गठ्ठा देणारी प्रेस हवी. लहान केंद्राला उभी हायड्रॉलिक प्रेस बहुधा पुरते.

मशीन घाण मालाला चांगला करीत नाही. आपल्या बाजारात ओल्या मिरचीचा भाव वेगळा व सुक्या मिरचीचा वेगळा, हे सर्व जाणतात. गिरणीवालाही ओलाव्याचे वजन कापतो, आणि एका गठ्ठ्यात भेसळ निघाली की पुढच्या प्रत्येक गठ्ठ्यावर संशय घेतो. म्हणून केंद्रात पहिला खर्च पत्र्याची शेड, पक्का कोबा, निवडीचे टेबल आणि पडताळणीचा शिक्का असलेला काटा यांवर करावा. प्रेस त्यानंतर.

निवड करणारे हात हीच खरी पुंजी. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, 1993 मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली व 2008 मध्ये तिने पुणे महापालिकेशी करार केला. वेचणाऱ्या बायका घरोघरी जाऊन माल वेगळा घेऊ लागल्या. आपल्या केंद्रानेही वेचणाऱ्यांना चोख वजन व रोख पैसे द्यावेत. चांगला माल आपोआप दारी येईल. 2016 च्या घनकचरा नियमांनी वेचणाऱ्यांना व पुनर्वापर करणाऱ्यांना निवडीसाठी जागा उपलब्ध करण्याचे काम नगरपालिकांकडे सोपविले होते. तेव्हा जागेसाठी नगरपालिकेकडे एकत्रित अर्ज करून पाहावा. प्रदूषण नियंत्रण मंडळाची कोणती परवानगी लागते, याची चौकशी यंत्राची सोय करण्यापूर्वीच करावी.

खरेदीच्या वेळी विक्रेत्याला पुढील गोष्टी विचाराव्यात. थ्री-फेज जोडणी किती क्षमतेची लागेल? तेलाचे सील व सुटे भाग कोठे मिळतील? बिघाड झाल्यास कारागीर किती दिवसांत येईल? आपलाच माल घालून गठ्ठा बांधून दाखवाल काय? जुने मशीन घेत असाल तर अर्धा दिवस चालवून तेलाची गळती पाहावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसाचा हात. दार उघडताच दाब आपोआप थांबेल अशीच प्रेस घ्यावी. ही सोय काढून टाकून काम जलद करण्याचा मोह धरू नये. बटण एकाच माणसाच्या हाती असावे. अडकलेला माल वीज बंद केल्यावाचून काढू नये. मुलांना जवळ फिरकू देऊ नये. स्प्रेचे डबे, लायटर व बॅटऱ्या दाबाखाली गेल्यास आग लागते. त्या निवडीतच बाजूला काढाव्यात आणि आग विझविण्याचे सिलिंडर भरलेले ठेवावे.

शेवटी भागीदारी. कोणाचे भांडवल किती, कोणाचा माल किती, मशीन कोण चालविणार, तोटा कसा वाटावयाचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सह्या कराव्यात. मग तीन महिने मशीनशिवाय एकत्र माल जमवून, वजनाची वही ठेवून पाहावे. वहीतला माल खर्च भागवीत असेल, आणि भागीदारांचे पटत असेल, तर मशीनसाठी खुशाल बाहेर पडावे.