पाइपाचा आकाशकंदील

आयर्लंडमध्ये आकाशकंदील लावायचा म्हणजे वाऱ्याशी भांडण मांडायचे, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. २०२३ च्या दिवाळीत माझे वडील पुण्याहून आमच्याकडे आले होते. बागेच्या दुकानातून आणलेले बांबू चिरून त्यांनी कामट्या काढल्या आणि पुण्याहून आणलेला पतंगी कागद लावून षट्कोनी कंदील केला. १२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झाले आणि १३ च्या पहाटे ‘डेबी’ वादळ आले. मेट एरनने अनेक परगण्यांना लाल इशारा दिला होता. सकाळी दारात नुसत्या कामट्या लोंबत होत्या. बाबा काही बोलले नाहीत, उरलेला कागद गुंडाळून त्यांनी कपाटात ठेवून दिला. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, हे त्यांना आणि आम्हालाही कळत होते.

पुढच्या वर्षी मी कंदील पाइपाचा करायचे ठरवले. कल्पना शेजारच्या आजोबांची. ते निवृत्त प्लंबर आहेत. त्यांच्या शेडमध्ये संडासाच्या सांडपाण्याचा ११० मिलिमीटरचा जाड पाइप तुकड्या-तुकड्यांनी पडला होता. “याला वारा काय करणार?” असे म्हणत त्यांनी एक तुकडा माझ्या हातात दिला. तुकडा अर्थातच कोरा, न वापरलेला होता! तो कंदील कसा केला आणि त्यात काय चुकले, ते या लेखात सांगतो.

आधी पाइपाची ओळख करून घेऊ. इथे घरात साधारण तीन मापे भेटतात. वॉशबेसिनला ३२, सिंक आणि शॉवरला ४० आणि संडासाला ११० मिलिमीटर. कंदिलाला ११० चाच घ्यावा. तो बहुधा पीव्हीसीचा असतो आणि त्याची भिंत तीनेक मिलिमीटर जाड असते. बारीक पाइपांच्या चकत्या कापून त्यांची फुले, तोरणे छान होतात, पण तिथे एक फसगत आहे. नुसते दाबून बसवायचे बारीक पाइप पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यांना पीव्हीसीचा गोंद धरत नाही. माझे अख्खे तोरण दुसऱ्या दिवशी जमिनीवर सुटे होऊन पडले होते. परीक्षा सोपी आहे. चकती पाण्याच्या बादलीत टाका. तरंगली तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाली तर गोंद लागायची आशा आहे.

कंदिलासाठी चाळीस सेंटिमीटर लांबीचा तुकडा घ्या. वरचे तीस सेंटिमीटर नक्षीला, खालचे दहा पाकळ्यांना. सरळ कापायला युक्ती अशी की पाइपाभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळायची, तिच्या कडा एकमेकींवर जुळल्या की त्या कडेने पेन्सिल फिरवायची. बारीक दातांच्या करवतीने पाइप फिरवत फिरवत कापा.

आता नक्षी. पाइपाचा घेर साडेचौतीस सेंटिमीटर भरतो. ए-थ्री कागदाची लांब बाजू तेवढी कापली की कागद पाइपाभोवती नेमका बसतो आणि त्याची उंची जवळजवळ तीस सेंटिमीटर असतेच. घेराचे आठ भाग केले तर प्रत्येक भाग ४३ मिलिमीटरचा येतो. एका भागात ठिपक्यांची रांगोळी काढा आणि तीच आठ वेळा उतरवा. आमच्याकडे ठिपके बाबांनी पुण्याहून फोनवर सांगितले, मुलीने लिहून घेतले. दोन भोकांमध्ये निदान पाच मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर पाइप तिथे तडकतो.

कागद मास्किंग टेपने चिकटवून आधी प्रत्येक ठिपक्यावर खिळ्याने खूण करा, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. आधी तीन मिलिमीटरचे भोक, मग हवे तिथे पाच किंवा आठचे. ड्रिल हळू चालवा, वेग वाढला की प्लॅस्टिक वितळून भोकाला चिकटते. पाइप थंडीतल्या शेडमधून आणला असेल तर रात्रभर घरात ठेवा, कारण गार पीव्हीसी ठिसूळ होते. दोन लाकडी पट्ट्यांच्या मध्ये पाइप अडकवून धरा, मुलांच्या हातात धरायला देऊ नका. मास्क आणि चष्मा लावा.

आता माझी मोठी चूक. पाकळ्या वाकवायला मी पाइप गॅसच्या ज्योतीवर धरला. बाहेर पाऊस, खिडक्या बंद. क्षणात कडा काळी पडली आणि घशाला झोंबणारा धूर झाला. मुलीला दमा आहे. तिला खोकल्याची उबळ आली, तिला पावसात बाहेर नेऊन पंप द्यावा लागला. पीव्हीसी फार तापले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलाव्यात त्याचेच आम्ल होते, छातीतल्या ओलाव्यातसुद्धा. शेजारच्या आजोबांनी मला चांगलेच झापले. एवढ्या उष्णतेची गरजच नव्हती. पीव्हीसी ऐंशी अंशांच्या आसपास मऊ होऊ लागते. खालच्या दहा सेंटिमीटरांत आठ उभे काप देऊन ते टोक जुन्या बादलीत नुकत्याच उकळलेल्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवा. जाड हातमोजे घालून पाकळ्या बाहेर दाबा आणि गार पाण्यात धरून ठेवा. फार वाकत नाहीत, पण कमळाचा भास होतो. स्वयंपाकाचे भांडे या कामाला वापरू नका.

पाइपावर छापलेली अक्षरे पॉलिश पेपरने घासून काढावीत. आमच्या तुकड्यावर ‘वेविन’ छापलेले होते. या डच कंपनीचा कारखाना डब्लिनच्या उत्तरेला बाल्ब्रिगनला आहे. तिच्या नावात पाणी आणि व्हिनाइल क्लोराइड या दोन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरे आहेत, हे ऐकून मुलगी खूश झाली. रंग द्यायचा तर प्लॅस्टिकचा प्रायमर आधी द्या, आणि तेही उघड्यावर.

दिवा बॅटरीवरच्या एलईडीच्या माळेचाच हवा, आणि बाहेर वापरण्याजोगा. माळ एका रिकाम्या बाटलीभोवती गुंडाळून आत बसवा. वर झाकण म्हणून कुंडीखालची प्लॅस्टिकची ताटली उलटी बसवली आणि खालचे टोक उघडे ठेवले की पाणी साचत नाही. हा कंदील अर्ध्या किलोपेक्षा जड भरतो, डोक्यावर पडला तर गंमत नाही. वर सारख्या अंतरावर तीन भोके पाडून नायलॉनची दोरी बांधा, खालूनही एक दोरी भिंतीला घ्या. लाल इशारा आला तर हाही काढून घरात ठेवायचा, त्यात कमीपणा नाही.

एक शंका कोणीतरी काढणारच. महाराष्ट्रात २०१८ साली प्लॅस्टिकबंदीबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली, मग आपण इथे प्लॅस्टिकचे कंदील का करायचे? शंका रास्त आहे. माझ्या मते नवा पाइप विकत आणून दरवर्षी नवा कंदील करणे चूकच आहे. उरलेला तुकडा घ्यावा, एकदाच करावा आणि पुढच्या वर्षी तोच पुसून लावावा.

२०२४ साली नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्याच दिवशी आली. दारात खाऊ मागायला आलेल्या मुलांना तो आमचा हॅलोविनचा दिवा वाटला. त्यांचेही फार चुकले नाही. भोपळा येण्यापूर्वी इथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. मेयो परगण्यातल्या टर्लो पार्क संग्रहालयात तसल्या एका कोरलेल्या सलगमाचा साचा ठेवलेला आहे, आणि तो चांगलाच भयानक आहे!

व्हिडिओ कॉलवर बाबांनी कंदील पाहिला आणि म्हणाले, “नक्षी बरी आहे, पण हा उजेड कोरडा. कागदाचा उजेड कुठे आहे यात?” खरेच होते. भोकांतून नुसते पांढरे ठिपके दिसत होते. कपाटातला त्यांचा पतंगी कागद काढला, फाइलच्या पारदर्शक पानांवर चिकटवला आणि गुंडाळी करून पाइपाच्या आत सोडला. आत पाऊस पोचत नाही, एलईडी तापत नाही, कागद टिकला. भिंतीवर लाल-पिवळे ठिपके पडले. फोन पुन्हा त्या दिशेने फिरवला.

“आता ठीक,” बाबा म्हणाले. “पण मधली भोके आठची नको होती. पुढच्या वेळी पाचचीच पाड.”